गाण्याखालचा आवाज

६ नोव्हेंबर २००५, रविवार

डायरी लिहिणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. आता मीच रिकामटेकडा आहे आणि संध्याकाळी बोलायला माणूस नाही.

माणूस आहे, बोलणं नाही. सप्टेंबरात माझ्या बायकोला, फ्लॉसीला, झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाय थोडाफार परतला आहे, धरलं की न्हाणीपर्यंत चालते. उजवा हात नुसता लोंबतो. बोलणं तर मुळीच नाही. 'आ... आ...' करते, ओठ वाकडे होतात, मग स्वतःवरच चिडते आणि डोळे मिटून घेते. निर्मळच्या शाळेत हिने अर्ध्या गावाला बाराखडी शिकवली. मी वाडीच्या पार टोकाला केळी उतरवत असलो तरी तिची जेवायची हाक ऐकू यायची, आणि शेजारची माणसंही हातपाय धुवायला उठायची, असा तिचा गळा.

मला हे बघवत नाही. मी उठून केळींना पाणी लावायला जातो. पाणी सकाळीच लावलेलं असतं.

१२ नोव्हेंबर, शनिवार

वसईच्या एका रुग्णालयात बोलणं शिकवणारी मुलगी दर शनिवारी येते. संपदा नाव, आमच्या मुलाच्या, डेरिकच्या वयाची असेल. रिक्षा करून फ्लॉसीला घेऊन गेलो. मुलीने टेबलावर चित्रांची कार्डं मांडली, त्यातलं एक उचललं आणि विचारलं, "काकू, हे काय आहे?"

केळं! केळीच्या वाडीत जिचा जन्म गेला, शाळेतल्या पोरांना जिने वर्षानुवर्षं हेच विचारलं, त्या बाईला ही केळं दाखवून विचारते हे काय आहे. फ्लॉसीने कार्डाकडे बघितलं, मुलीकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. माझं डोकंच फिरलं. मी कार्ड उलटं करून ठेवलं.

निघताना मुलगी म्हणाली, "काका, पहिले सहा महिने फार महत्त्वाचे असतात. बोलणं जे परत यायचं ते बहुतेक तेवढ्यात येतं, पुढे अवघड होत जातं. घरी त्यांच्या ओळखीचं, सवयीचं काहीतरी रोज ऐकवा. आणि त्या काय करतात ते मला येऊन सांगत जा."

केळी बघायला मी काही परत जाणार नाही. पण ऐकवायचं ते मात्र शहाणपणाचं बोलली. येताना रिक्षात विचार करत होतो, माणसाला सगळ्यात ओळखीचं काय? स्वतःचा आवाज. फ्लॉसीला फ्लॉसीचाच आवाज ऐकवायचा. कानाने ऐकलं की जिभेला आठवेल. साधी गोष्ट आहे, डॉक्टरांना सुचत नाही.

आता तो आवाज आणायचा कुठून? बायकोचा आवाज कोणी टेप करून ठेवतो का? तो रोजचाच असतो.

१३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला बसलो असताना आठवलं. डेरिकच्या लग्नाच्या सीड्या!

चर्चला निघायच्या आधी नवऱ्या मुलाने घरच्या वेदीपुढे गुडघे टेकायचे आणि वडीलधाऱ्यांनी एकेक करून त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, ही आमच्याकडची रीत. बहुतेक जण दोन शब्दांत आटपतात. मी तर नुसता हात ठेवला आणि हुंदका आला म्हणून बाजूला झालो. फ्लॉसी मात्र चांगली सविस्तर बोलली. मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. काय बोलली ते मला आता एक शब्दही आठवत नाही. चारच वर्षं झाली. लाज वाटते.

घरी येऊन सीडी लावली. डेरिक गुडघ्यावर. फ्लॉसीचा हात त्याच्या डोक्यावर, तोच उजवा. ओठ हलतायत. आणि आवाज? आवाजाच्या जागी जुन्या हिंदी सिनेमातलं गाणं. आधी बासरी, मग ती बाई गायला लागते ती थांबतच नाही. सगळ्या लग्नाला असंच. हळद, वरात, शपथ, केक, जिकडे तिकडे गाणी. चार वर्षांत ही सीडी आम्ही पाहुण्यांना कितीदा दाखवली, पण एकाही शहाण्याला खटकलं नाही की यात माणसं बोलतच नाहीत. मलाही नाही.

फ्लॉसी पलंगावरून बघत होती. गाणं लागलं तशी तिनेही 'हूं... हूं...' असा सूर धरला. बिचारीला काहीतरी सांगायचं असावं. मी पाणी हवं का विचारलं. नको होतं.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या प्लासिडकडे गेलो. वसईत स्टुडिओ आहे. माणूस चांगला, उठून उभा राहिला, चहा मागवला. मी म्हटलं, गाण्याखालचा आवाज पाहिजे.

"अंकल, गाण्याखाली काय नसतं," तो म्हणाला. "मिक्सिंगच्या टायमाला ओरिजिनल आवाज काढूनच टाकतो आम्ही. असतं काय त्याच्यात? भांडी, पोरं, कुत्री, कोणतरी जेवणावरून कुरकुरतंय. पार्टीला गाणी पाहिजे असतात. सगळ्यांचं असंच करतो."

"मग मूळ कॅसेट?"

"ती परत वापरतो ना, अंकल. तुमच्या कॅसेटवर आतापर्यंत किती लग्नं झाली असतील."

मी चहा तसाच ठेवून उठलो. त्याला वाईट वाटलं असावं. म्हणाला, "आशीर्वादाचं गाणं तर आंटीनेच सांगितलेलं. मुद्दाम इथे आल्या होत्या. म्हणाल्या, तिथे हेच टाक, मला ते फार आवडतं."

हे मला माहीत नव्हतं. फ्लॉसीला गाणी आवडतात हेच मुळी मला माहीत नव्हतं. शाळेत कविता चालीवर शिकवायची, तेवढं ऐकून होतो.

प्लासिड काहीही म्हणो, मला पटत नाही. गोरेगावच्या कारखान्यात मी उभी हयात ड्रॉइंग काढण्यात घालवली. ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, त्यावर नवं काढायचं. वरचा कागद उचलला की खालचं जसंच्या तसं. गाणं उचललं की खाली आवाज असणारच. उचलायची विद्या प्लासिडला येत नाही, एवढंच. नाचता येईना अंगण वाकडं.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

डेरिकला कुवेतला ईमेल केली होती. त्याचं उत्तर आलं. गेल्या सुट्टीत आमच्या गळ्यात हा कॉम्प्युटर मारून गेला होता, तो आता कामाला येतोय. पप्पा, असला एक प्रोग्राम आहे, फुकट मिळतो, पण तुम्हाला जमणार नाही, असं लिहिलं होतं. जमणार नाही म्हटल्यावर झालंच. सायबरमधून सीडीवर उतरवून आणला.

एफएफएमपेग असं त्याचं नाव. त्याला चित्र नाही, बटण नाही. काळा पडदा उघडतो आणि एक रेघ लुकलुकत राहते. आपण हुकूम टाइप करायचा. एक आडवी रेघ किंवा मोकळी जागा चुकली की चार ओळी शिव्या घालतो आणि पुन्हा तसाच लुकलुकत बसतो. मला आवडला. आमच्या ड्रॉइंग ऑफिसचा जुना साहेब थेट असाच होता.

समजलं ते असं. सिनेमाच्या फाइलीत वेणीसारखे पेड असतात. एक पेड चित्राचा, एक आवाजाचा. एका हुकमाने चित्र गाळून नुसता आवाज निघतो, दुसऱ्याने आवाज गाळून नुसतं चित्र. सुटे केलेले पेड पुन्हा जोडताही येतात, आणि चित्राच्या पेडाला भलत्याच आवाजाचा पेड जोडला तरी तो कुरकुर करत नाही.

आज आवाज सुटा करायला लावला आणि लोडशेडिंग आलं. वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी निघाला. मला वाटलं होतं तीन पेड निघतील: चित्र, गाणं आणि फ्लॉसी.

दोनच निघाले.

२६ नोव्हेंबर, शनिवार

आज रुग्णालयाचा वार होता. गेलो नाही. रिक्षाचे धक्के तिला सोसत नाहीत.

परदेशातल्या एका जाणत्याला इंटरनेटवर विचारलं होतं. त्याचं उत्तर प्लासिडसारखंच आलं, फक्त इंग्रजीत. दुधात साखर विरघळल्यावर ती वेगळी काढता येत नाही वगैरे. आणि तुमच्या सीडीत तर दूधच नाही, नुसती साखर आहे. दिवसभर कशातच मन लागलं नाही. फ्लॉसीचं जेवण भरवताना चमचा तिच्या दाताला लागला. ती काही म्हणाली नाही. म्हणणार तरी कशी?

पण मी सोडणाऱ्यातला नाही.

३० नोव्हेंबर, बुधवार

सापडली!

आशीर्वादाचं गाणं विरत जातं आणि पुढचं बँडचं गाणं सुरू होतं, त्या सांध्यावर प्लासिडचा हात चुकला आहे. मध्ये फट राहिली आहे. क्षणभर मूळ आवाज निसटून बाहेर येतो. भांडं पडतं, एक पोर रडतं आणि फ्लॉसी स्वच्छ म्हणते, "अहो, तुम्ही जरा गप्प राहा."

मला म्हणतेय! गाडी वेळेवर आली नाही म्हणून मी त्या वेळी कोणाला तरी ओरडत होतो. मी पुन्हा पुन्हा ऐकलं आणि हसलो. सप्टेंबरपासून पहिल्यांदा हसलो. मग रडलो, तेही लिहून ठेवतो.

तीन सीड्या आहेत. गाणी पुष्कळ. म्हणजे सांधेही पुष्कळ.

४ डिसेंबर, रविवार

मोठी मेहुणी कॅथरिन आता रोज दुपारी वसईहून येते. टेलिफोन खात्यातून रिटायर झाली, पण दुसऱ्यांच्या घरात कान घालायची सवय गेली नाही. आल्या आल्या भांडली.

"ॲन्सेल्म, ती गाते. तुला माहितेय?"

"कण्हते," मी म्हटलं.

"कण्हते काय? तू ती सीडी लावलीस की ती गाण्याबरोबर गाते. शब्द धरून. मी कान देऊन ऐकलं. आणि माझ्याबरोबर रोझरीची माळ म्हणते. मी मध्ये सोडलं तर पुढचं पुरं करते."

"ते पाठांतर झालं, बाय. पोपटही म्हणतो. बोलणं वेगळं."

तरीही खात्री करावी म्हणून संध्याकाळी आशीर्वादाचं गाणं लावलं. फ्लॉसीने सूर धरला. शब्दांसारखं काहीतरी होतंही. नीट ऐकू यावं म्हणून मी जवळ गेलो आणि गाणं बंद केलं. तर तीही थांबली. मी म्हटलं, "हां, बोल, बोल ना." तिने नुसतं तोंड उघडलं. 'आ... आ...' आणि डोळे मिटले.

कॅथरिनला काय, कुठेही चमत्कार दिसतात.

८ डिसेंबर, गुरुवार

हेडफोन आणला. सांध्यांतले आवाज इतके बारीक आहेत, आणि गाणी वाजली की फ्लॉसीची शेजारी गुणगुण सुरू होते. तिच्या आवाजात मला तिचा आवाज ऐकू येईना! आता कान झाकून बसलो की निवांत काम होतं. तिलाही विश्रांती.

ती पलंगावरून माझ्याकडे बघत बसते. मी मधूनच हात हलवतो.

१५ डिसेंबर, गुरुवार

तिसरी सीडीही पिंजून झाली. बऱ्याच सांध्यांत काही नाही, नुसता गलका. काहींत दुसरेच कोणी. एका ठिकाणी माझी आई बोलते, ती तर पुढच्याच वर्षी गेली. ते मी पटकन पुढे ढकललं. एका वेळी एकच माणूस शोधायचा.

फ्लॉसीचे तुकडे मिळाले ते असे. "डेरिक." "इकडे ये." "पाणी द्या कोणीतरी." "थांबा जरा." "आता पुरे." आणि माझं ते गप्प राहण्याचं. आशीर्वादातला एकही शब्द नाही. तो सगळा गाण्याच्या पोटात गेला. आता त्याचं दुःख करत बसणार नाही.

तुकडे कापून घेतले. जोडताना रांगेत लावले तर एफएफएमपेग साहेब शिव्या देतो, एकाचं माप दुसऱ्याला जुळत नाही म्हणतो. सगळे आधी एका मापाचे करून घेतले. वाडीला पाणी लावायचं दोन दिवस राहून गेलं. गड्याने आज बोलून दाखवलं.

२१ डिसेंबर, बुधवार

झालं. आशीर्वादाचं चित्र गाण्यापासून सोडवलं, ते मुकं झालं. मग त्याला फ्लॉसीच्या तुकड्यांचा पेड जोडला. रोज घोकायचं म्हणून तेच तेच पुन्हा पुन्हा घेतलं, जशी ती पोरांकडून घोकून घ्यायची. ओठ आणि शब्द जुळत नाहीत. ओठ लांबलचक काहीतरी म्हणतात आणि ऐकू येतं, "पाणी द्या कोणीतरी." कधी ओठ मिटलेले असतात आणि आवाज येतो. एवढं चालायचं. तिला चित्राचं काय, आवाज महत्त्वाचा.

नाताळला दाखवायचं ठरवलं. या वर्षी बाळ येशूचा गोठा नाही की करंज्या नाहीत. निदान हे तरी.

२५ डिसेंबर, रविवार, नाताळ

सकाळी फ्लॉसीला नवी साडी नेसवायला कॅथरिन आली होती. डेरिक आणि सूनबाई अमिषाचा फोन येऊन गेला. अमिषा फोनवर म्हणाली, "मम्मी, मेरी ख्रिसमस." फ्लॉसी रिसीव्हर धरून श्वास घेत राहिली.

मग तिला खुर्चीत बसवलं, स्पीकर मोठा केला आणि लावलं.

पहिल्यांदा "डेरिक" आलं. तिने झटकन दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे, मग कॅथरिनकडे, कोण बोललं म्हणून. "इकडे ये. थांबा जरा." तिने डावा हात स्वतःच्या ओठांवर ठेवला, ओठ हलतायत का ते चाचपडत असल्यासारखा. "अहो, तुम्ही जरा गप्प राहा." मी हसत होतो. मला वाटलं तीही हसेल. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आवाज अजिबात नाही.

कॅथरिनने उठून बटण बंद केलं. "तिच्याच तोंडून तिला भूत दाखवतोयस," म्हणाली.

सणाच्या दिवशी भांडण नको म्हणून मी कॉम्प्युटर झाकून ठेवला. पण इतकी मोठी प्रतिक्रिया तिने केळ्याच्या कार्डाला दिली होती का? माझ्या मते गाडी रुळावर येतेय. मी आज समाधानी आहे.

२८ डिसेंबर, बुधवार

शेजारी आल्बर्टच्या मुलीचं लग्न. दुपारपासून स्पीकरवर गाणी. संध्याकाळी ते आशीर्वादाचंही लागलं. त्या बासरीवर आता माझेही कान टवकारतात. कॅथरिन आणि फ्लॉसी ओट्यावर होत्या. गाणं संपल्यावर कॅथरिन आत आली. तोंड उतरलेलं.

"नाही गायली," म्हणाली.

"बरंच झालं."

"ॲन्सेल्म, काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं चाललंय तुझं. आवाज तिच्या गळ्यात होता आणि तू तो त्या डबड्यात शोधत बसलास. बंद कर ते."

मी म्हटलं, सहा महिन्यांतले चार संपत आले, तुझ्या माळेने किती शब्द आले ते सांग. मग बोलू नये ते बोललो. ती चप्पल घालून निघून गेली. फ्लॉसीने सगळं ऐकलं असणार.

७ जानेवारी २००६, शनिवार

रोज सकाळी आणि दुपारी, जेवणाआधी, नेमाने लावतो. वीज नसली तर आली की लावतो. फ्लॉसी आता रडत नाही. शांत बसते, मांडीकडे बघत. मधली ती गुणगुण पूर्ण बंद झाली. 'आ... आ...' सुद्धा नाही. ऐकण्यात चित्त एकवटलं आहे असं दिसतं. आधी ऐकणं, मग बोलणं, पोरांचंही तसंच असतं.

कॅथरिन आली नाही.

१३ जानेवारी, शुक्रवार

फाइल सुधारली. "पाणी" थोडं स्पष्ट केलं. आज तिला तहान लागलेली असून मी मुद्दाम पेला हातात धरून थांबलो. म्हटलं, म्हण, पाणी, तुझंच आहे, आत्ता ऐकलंस ना. तिने पेल्याकडे बघितलंच नाही. तोंड भिंतीकडे केलं. शेवटी मी पेला तिच्या ओठांना लावला तर पाणी हनुवटीवरून ओघळलं.

मला कशाचीच खात्री वाटेनाशी झाली आहे.

२१ जानेवारी, शनिवार

रुग्णालयात एकटाच गेलो. संपदाला दाखवायला फाइल सीडीवर काढून पिशवीत घेतली होती. खरं तर शाबासकी हवी होती.

तिने विचारलं, "इतके दिवस आला नाहीत?" मी वाडीचं, रिक्षाचं कारण सांगितलं. मग ती प्रश्न विचारत गेली. हातवारे करतात का? बोट दाखवतात का? मग म्हणाली, "गाणं म्हणतात का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"पुष्कळांचं बोलणं जातं, काका, पण गाणं शाबूत राहतं. प्रार्थना, पाढे, पाठ असलेलं सगळं. तेवढं राहिलं असेल तर आमचं काम खूप सोपं होतं. गाण्यातला एकेक शब्द हळूहळू बोलण्यात उतरवायचा. म्हणून तर म्हटलं होतं, ओळखीचं ऐकवा आणि काय करतात ते येऊन सांगा."

मी म्हटलं, "गायची."

"कधी?"

"नोव्हेंबरात. डिसेंबरात पण. शब्द धरून गायची."

तिने पेन खाली ठेवलं. "काका, मग तुम्ही आला का नाहीत?"

काय सांगू? केळ्याच्या चित्राचा राग आला म्हणून नाही आलो? ती गायला लागली की मी हेडफोन लावायचो, हे सांगू? नीट ऐकू यावं म्हणून गाणंच बंद केलं, हे? मी तिच्या टेबलावरचा कॅलेंडरचा ठोकळा बघत बसलो. पिशवीतली सीडी बाहेर काढली नाही.

"अजून लावून बघा तेच गाणं," ती म्हणाली. "तुम्हीही बरोबर म्हणा." पण हे ती मी जायला उठलो तेव्हा म्हणाली, माझी समजूत घातल्यासारखं.

एसटी पकडून घरी आलो. वाटेत कॅथरिनच्या घरी उतरलो आणि दारातच सांगितलं, "बाय, तुझं खरं होतं." तिने मला आतही बोलावलं नाही. म्हणाली, "उद्या येते."

२२ जानेवारी, रविवार

मिस्सेला गेलो नाही. कॅथरिन सकाळीच आली. मी माझी फाइल कॉम्प्युटरमधून पुसून टाकली आणि मूळ सीडी लावली, प्लासिडची, गाण्यासकट. फ्लॉसी पलंगावर उशीला टेकून होती. मी जवळ खुर्ची घेतली. मला गाता येत नाही, उभ्या जन्मात चर्चमध्येही मी नुसते ओठ हलवले आहेत. पण शब्द पाठ झाले होते.

पडद्यावर डेरिक गुडघ्यावर बसला. फ्लॉसीने हात त्याच्या डोक्यावर ठेवला. बासरी सुरू झाली. मी गायला लागलो, बेसूर, मोठ्याने. कॅथरिनही गायला लागली.

पलंगावरच्या फ्लॉसीने डावा हात उचलून डाव्या कानावर घट्ट ठेवला. उजवा हात उचलला जात नाही. मग तिने मान वळवली आणि उजवा कान उशीत दाबला.

मी बंद केलं. तिला सांगितलं, बंद केलं फ्लॉसी, झालं, आता काही येणार नाही, कोणी बोलणार नाही, पुन्हा कधी लावणार नाही. खाली वाकून तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन सांगितलं. दुपार झाली. तिने हात काढलेला नाही.